आक्कांची सही

"ह्या भाऊबिजेला आक्काची सही घेतोच," असं दिगूकाका दरवर्षी म्हणायचे, आणि त्यांचं वडिलोपार्जित घर हप्त्याहप्त्याने विकत घेणारी सुचेता दरवर्षी मान डोलवायची. घरात हिस्सा असलेल्या बहिणीच्या सहीवाचून खरेदीखत होत नव्हतं, हप्ते मात्र थांबत नव्हते. यंदा तिचा धीर संपला. व्यवहार मोडायचा, भरलेले पैसे परत मागायचे, असं ठरवून ती भाऊबिजेच्याच दिवशी न बोलावता त्यांच्या दारात उभी राहिली.

काका टोपी घालून पाटावर बसले होते. निरांजनाच्या उजेडात आक्कांचा चेहरा न्हाऊन निघाला होता.

"आक्का, सही का हो अडवून धरलीत?" सुचेताने विचारलंच.

"कसली सही गं?" आक्कांचा हात ताटासकट थांबला. "दिगू, काय म्हणतेय ही?"

काका खाली बघत पुटपुटले, "आजच्या दिवशी बहिणीला द्यायचं असतं. मागायचं कुठल्या तोंडाने?"

"अरे वेड्या! आण कागद, आत्ता करते."

सुचेताचा सगळा संताप डोळ्यांतून वाहू लागला. "आता नको, आक्का. चार वर्षं मी मनात तुम्हालाच शिव्या घातल्या. आता काकांच्या शब्दावर मला घर नको. मोकळं व्हायचंय."

आक्कांनी भावाला सावकाश ओवाळलं. काकांनी ओवाळणीचं पाकीट पुढे केलं, ते आक्कांनी मागे सारलं.

"हे राहू दे. हिचे पैसे दे, हिला मोकळी कर. माझी भाऊबीज पोचली."