मागच्या बाकावरचा हात

"एकमेकांना शांतीचा हात द्या," चर्चमधल्या रविवारच्या प्रार्थनेत पाळक म्हणाले, आणि थोरलीने मान न वळवता उजवा हात खांद्यावरून मागे नेला. मागच्या बाकावरून आलेला हात त्यात येऊन विसावला. "शांती असो," ती समोरच्या भिंतीला म्हणाली. झालं! आठवड्याचं काम उरकलं.

मागच्या बाकावर तिची जाऊ बसायची, धाकटी. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, दोघेही केव्हाच देवाघरी गेलेले. त्याआधी सासूबाई गेल्या, त्या दिवशी भरल्या घरात धाकटी म्हणाली होती, "ताईंनी वेळेवर डॉक्टर बोलावला असता, तर आई आज असत्या." जिने सासूचं हगणंमुतणं काढलं, तिने हे ऐकून घ्यायचं? थोरलीने तेव्हापासून धाकटीचं तोंड पाहिलं नव्हतं. पण येशूच्या मागून चालायचं तर पुढे आलेला हात झिडकारता येत नाही. म्हणून तिने हा मधला रस्ता काढला. हात द्यायचा, तोंड बघायचं नाही. साप मेला, काठीही मोडली नाही!

घरी मात्र रोजच्या प्रार्थनेत 'जशी आम्ही क्षमा करतो, तशी आम्हालाही कर' ही ओळ आली की घास अडकल्यासारखं व्हायचं, आणि ती सरळ पुढच्या ओळीवर उडी मारायची. आपलं सगळं ख्रिस्तीपण त्या एका ओळीपाशी अडून बसलंय, हे तिला कळत होतं. कळत होतं, वळत नव्हतं.

धाकटीचं नावसुद्धा तिच्यापुढे काढायची सोय नव्हती. गायनमंडळातल्या एकीने एकदा काढलं, तिला थोरलीने असं फाडून खाल्लं की पुन्हा कुणाची छाती झाली नाही.

अलीकडे त्या हाताचंच काहीतरी वेगळं झालं होतं. थोरली कपडे शिवायची. डोळ्यांना दिसायच्या आधी तिच्या बोटांना कळायचं. पूर्वी धाकटीची बोटं टेकली न टेकली तोच निसटायची. आता हात थांबायचा. रुंद लागायचा, घट्टे पडलेला. बाहेर कडाक्याची थंडी, सगळं चर्च गारठलेलं, आणि हा हात चुलीपुढून उठून आल्यासारखा गरम. 'एकटीच राबते वाटतं,' तिच्या मनात यायचं. मग आपल्याला वाईट वाटलं याचाच तिला राग यायचा.

समोर उभ्या गायनमंडळाचंही काही कळेना. शांतीच्या वेळी त्या बाया तिच्याकडे बघायच्या आणि एकदम माना खाली घालायच्या. एकीचा सूर तर दर वेळी नेमका तिथेच फाटायचा. 'बघा, डोळे भरून बघा,' थोरली मनात म्हणायची. 'मी हात देते तरी!'

त्या रविवारी हात सुटेचना. गाणं सुरू झालं, लोक उभे राहिले, तरी सुटेना. थोरलीने हिसका दिला. पकडीत काही जोर नव्हता, पण सुटेना. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. ओरडावं असं वाटलं. मग काय झालं कोण जाणे, आत घट्ट बसलेलं काहीतरी सैल झालं, आणि इतक्या वर्षांनी तिला धाकटीचं तोंड बघावंसं वाटलं. "अगं, पुरे की आता," म्हणत ती वळली.

बाक रिकामा होता. फळीवर धुळीचा थर होता आणि त्यावर कुणी बसल्याची खूण नव्हती. थोरलीचा हात हवेत तसाच राहिला. तो अजून गरम होता.

प्रार्थना संपताच तिने पाळकबाईंना दारात गाठलं. "धाकटी एवढ्यात कुठे पळाली हो?"

पाळकबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "कुठे पळणार बिचारी? उन्हाळ्यापासून अंथरुणाला खिळली आहे. आता फार दिवस नाहीत म्हणतात. पण तुम्हाला सांगणार कोण, बाई? आणि तुम्ही दर रविवारी त्या रिकाम्या बाकाकडे हात करून... आम्ही तर घाबरूनच गेलो होतो."

थोरली पुढचं ऐकायला थांबली नाही. भर दुपारच्या उन्हात ती जवळजवळ पळतच निघाली. आपण पोचायच्या आत ती गेली, तर ती ओळ आपल्या घशात जन्मभर अशीच राहील, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत खाटेवर धाकटी, वाळून पार काडी झालेली. तिने डोळे उघडले. नवल वाटल्याचं काही दिसलं नाही.

"आज दारातून आलात, ताई?"

"म्हणजे?"

"दर रविवारी येता, त्या कुठून येता तेच कळत नाही. चर्चमधलं गाणं ऐकू यायला लागायच्या आधी माझा हात धरता, आणि मी डोळे उघडेपर्यंत गेलेल्या. त्या हातावर तर टिकले हो मी. आई गेल्या तेव्हा मी तुम्हाला तसं बोलले, माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं."

'मी नव्हते गं ती,' असं सांगायला थोरलीने तोंड उघडलं. बाहेर आलं ते भलतंच. "केलं गं, केलं माफ. मला पण कर," म्हणत ती खाटेच्या कडेला बसली आणि हमसून हमसून रडली. रडता रडता तिने धाकटीचा हात हातात घेतला. तो थंडगार होता, लहान मुलीच्या हाताएवढा.

धाकटीने हसून तिचा हात उताणा केला, तळव्यावर मधोमध अंगठा फिरवला आणि म्हणाली, "बरं झालं बाई, ती जखम भरली एकदाची. आरपार गेलेली जखम घेऊन माझा हात धरायला येत होतात, मी आपली जपून धरायची, दुखू नये म्हणून."