पापाजींचा जप

सुनेनं श्वास रोखून दाराला कान लावला. आत सासऱ्यांचा आवाज चालू होता. "वाहेगुरू... वाहेगुरू... वाहेगुरू." अगदी खणखणीत. कुठं अडखळणं नाही की बोबडेपणा नाही. तिनं झटकन दार ढकललं. जप तिथल्या तिथे थांबला. पापाजी उशीवरून घसरले होते आणि तिच्याकडे टक लावून पाहत होते.

"बोला ना आता," ती म्हणाली.

पापाजींची नजर घसरलेल्या उशीकडे वळली.

पक्षाघाताच्या झटक्यात पापाजींची वाचा गेली, असं सगळे मानत होते. त्यांचा मुलगा मानत होता, शेजारीपाजारी मानत होते. सुनेच्या मनात मात्र त्यांना घरी आणल्यापासून शंकेची पाल चुकचुकत होती. इस्पितळात ते गप्प होते, हे खरं. पण घरी आल्यावर जप सुरू झाला, तोही ती खोलीबाहेर असतानाच. ती आत गेली की बंद! ज्याला देवाचं नाव इतकं स्पष्ट घेता येतं, त्याला लघवीचं भांडं मागता येत नाही? दर वेळी चादर ओली झाल्यावरच तिला कळायचं, म्हणजे काय?

नक्की पाणी कुठं मुरतंय, हेही तिला ठाऊक होतं. पापाजींचा जन्म लोखंड कातणाऱ्या लेथ मशीनवर गेला. पहाटे अंधारात उठून आंघोळ, मग नामस्मरण, मग कारखाना. तिथंही लोखंडाचा चुरा उडत असायचा आणि ओठांवर तेच नाव असायचं. "आम्हा शिखांत ध्यानासाठी रानात जाऊन बसत नाहीत, सूनबाई," ते सांगायचे. "हात कामात ठेवायचे आणि मन त्याच्यापाशी." निवृत्त झाल्यावर त्यांनी मागच्या खोलीत एक जुनं लेथ बसवून घेतलं होतं. शिवणकामाला जागा हवी म्हणून सुनेनं हट्टानं ते विकायला लावलं. पापाजी डोळे मिटून जपाला बसले, बस्स. नको असलेल्या विषयावर त्यांचा हा ठरलेला उपाय होता. जप चालू असताना त्या घरात कुणी मध्ये बोलत नसे. सासूबाईंनी, त्या होत्या तेव्हा, नव्या सुनेला पहिली तंबी दिली ती हीच. म्हणून अजूनही आतून तो आवाज आला की ती हातातलं काम करत बाहेरच थांबे.

लेथ गेलं आणि पाठोपाठ झटका आला.

"सोंग आहे सगळं," ती नवऱ्याला म्हणाली होती. "माझ्यावर राग काढतायत. झोपलेल्याला जागं करता येतं रे, झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण उठवणार?"

खरं सांगायचं तर चादरी धुण्याचा तिला कंटाळा नव्हता. तिला भीती वाटायची ती त्या नजरेची. रोज त्या नजरेसमोर उभं राहायचं आणि रोज गुन्हेगार ठरायचं, हे तिच्यानं होईना. शेवटी पापाजींना ठेवायला शुश्रूषागृहात एक खाट मिळाली. आज दुपारी गाडी येणार होती. नवऱ्यानं एकच अट घातली, की त्याआधी स्पीच थेरपीच्या बाईंनी एकदा पापाजींना बघावं. सुनेला ते पथ्यावरच पडलं. तिऱ्हाइतासमोर सोंग उघडं पडेल, मग तिला कोण नावं ठेवणार?

बाई आल्या, खाटेजवळ खुर्ची ओढून बसल्या. त्यांनी पाण्याचा पेला पुढं धरला. "पापाजी, हे काय आहे?"

पापाजींनी ओठ जुळवले. गळ्याच्या शिरा ताणल्या. "वाहेगुरू."

"बघा!" सून म्हणाली. "सांगत नव्हते मी?"

बाईंनी कंगवा दाखवला. "वाहेगुरू," पापाजी म्हणाले आणि त्यांनी स्वतःच जोरात मान हलवली. हे नाही, हे नाही. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. मग बाईंनी भिंतीवरच्या सासूबाईंच्या फोटोकडे बोट केलं. पापाजींनी तेच नाव घेतलं, डाव्या मुठीनं गादीवर बुक्की मारली आणि ते रडू लागले.

बाई सुनेला बाहेर घेऊन आल्या. "सोंग नाही हे. झटक्यात शब्द पुसले गेलेत त्यांचे. जन्मभर तोंडात घोळलेला एखादा शब्द कधीकधी शिल्लक राहतो. आता ते काहीही म्हणायला गेले, तरी तोच बाहेर पडतो."

"म्हणजे जप करत नाहीत ते?"

"करतही असतील. ते आपल्याला कसं कळणार? पण बाकीचंही सगळं त्यातच सांगतात."

सुनेनं शेवटचा पुरावा पुढं केला. "मग मी आत गेले की गप्प का होतात?"

"तुम्ही आल्यावर आणखी कशाला बोलावतील?"

बाई निघून गेल्या. सून स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिली. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला.

"गाडी निघालीय. पापाजींचे कपडे भरलेस ना?"

आतून आवाज आला. "वाहेगुरू... वाहेगुरू..."

"गाडी परत पाठव," ती म्हणाली.

"अगं, पण झालं काय?"

"नंतर सांगते. पापाजी हाक मारतायत मला."