पोटातली गाठ

"पाळी चुकली होती का?" टिपणीस डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं.

पुन्हा उत्तर दिलं ते सासूनं. "नाय. शिळं खाल्लंय तिनं."

बाईंचं डोकं फिरलं. पोशीरहून बैलगाडीत घालून आणलेली गोदा कर्जतच्या त्या लहानशा दवाखान्यात पांढरीफटक पडली होती. नाडी जेमतेम लागत होती. पोट फुगलेलं, आणि कळ म्हणे खांद्यात. शिळ्या भातानं कधी खांदा दुखतो? गर्भ नळीतच अडकून नळी फुटली असावी, अशी बाईंना दाट शंका होती. पण जठराला भोक पडलं तरी असंच दिसतं. पोट वर उघडायचं की खाली, ते या एका उत्तरावर होतं. चुकलं तर दुसऱ्यांदा उघडायला गोदा उरणार नव्हती.

त्यांनी गोदालाच विचारलं. तिनं तोंड फिरवलं. तिचा नवरा वर्षभर ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होता. गाडीवाल्याकडून हे कळलं तेव्हा बाईंना सगळा उलगडा झाला आणि संताप आणखीच चढला. इथं जीव चाललाय आणि ह्यांना अब्रूची पडलीय. त्यांनी सासूला, अंबाबाईला, सरळ बाहेर व्हायला सांगितलं.

अंबाबाई दारापर्यंत गेली. बाहेर पडवीत तिचा नवरा भिवाजी बसला होता. तिनं दार आतून लावलं आणि ती परत आली.

"चुकलीय. दोन महिनं बाजूला बसली नाय," ती हलक्या आवाजात म्हणाली. "मानूस कोन, मी इचारलं नाय. आमच्या धन्याला तेवढं कळू देऊ नका. त्ये तिला घरात ठेवायचे नाय."

हे आल्याआल्या सांगायला काय झालं होतं, असं बाई करवादल्या; तोवर त्या हात धुवायला लागल्याही होत्या.

नळीच फुटली होती. दुसऱ्याचं रक्त आणणार कुठून? पोटात साठलेलं रक्तच बाईंनी उकळलेल्या फडक्यातून गाळून गोदाच्या शिरेत परत सोडलं. दुपार कलली तेव्हा नाडी भरू लागली.

बाहेर येऊन, गाठ होती, काढली, एवढंच त्या बोलल्या. अंबाबाई सुनेजवळ आत गेली. भिवाजी मात्र हलला नाही. दार लोटलेलं आहे ना, ते त्यानं पाहून घेतलं.

"बाई, गाठ नव्हती, मला कळतंय," तो म्हणाला. "कुनाचं, ते मी इचारायचा नाय. पोर वाचली, बास झालं. फकस्त आमच्या म्हातारीला सांगू नका. ती पोरीला उंबऱ्यात घ्यायची नाय."