बिनफोडणीचा डबा

बायकोला गाडीनं उडवलं आणि ती जागीच गेली, हे कळलं त्या दिवशी आमची चूल पेटली नाही. तिच्या वर्गातल्या बायकांनी पिठलं-भाकरी आणली. ना तेल, ना फोडणी. सुतकाची रीत समजून मी मुकाट्यानं खाल्लं.

कोलेस्टेरॉल वाढलेल्यांनी काय खावं, हे ती समाजमंदिरात शिकवायची. मी कधीच गेलो नाही.

तेरावं झालं तरी डबे तसेच येत राहिले. चौदाव्या दिवशी डबा घेऊन आलेल्या वर्गातल्या सुंदराबाईंवर मी भडकलो.

"सुंदराबाई, सुतक फिटलं! आता तरी फोडणी घाला!"

"सुतक कसलं, दाजी? ताईंच्या वहीत तुमचं कोलेस्टेरॉल दोनशे ऐंशी लिहिलंय. वर्गात सगळ्यांचं उतरलं. ताई म्हणायच्या, आमचं घरचं माणूसच ऐकत नाही."

मी चिडूनच डबा घेतला. बायकोनं सांगितलेली रक्ताची फेरतपासणी मी अजून केलेली नाही.