कानातली गिरणी

"डॉक्टर, हिच्या कानात सहा वर्षं गिरणी चालतेय म्हणे. पीठ मात्र आम्ही अजून पाहिलं नाही," नवरा नेहमीसारखा हसत म्हणाला. ती तपासणीच्या टेबलावर कुशीवर पडून होती. सांगून सांगून तिचा जीव थकला होता.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी स्टेथोस्कोप तिच्या कानामागे टेकवला, क्षणभर ऐकलं आणि नळ्या नवऱ्याच्या हातात दिल्या. "तुम्हीच ऐका."

नाडीच्या ठेक्यावर घर्र, घर्र. त्याचं हसू मावळलं. "हे दिवसभर असं चालतं?"

"रात्रीसुद्धा. अँजिओग्राफीत दिसतंय, मेंदूच्या आवरणातली एक धमनी थेट शिरेलाच जोडली गेलीय. ऑपरेशन करून तो जोड बंद करायला हवा, नाहीतर कधीही रक्तस्राव होईल."

नळ्या कानातच ठेवून तो तिच्याकडे वळला. "अगं, एवढं होतं तर मला नीट सांगायचं नाहीस का?"

आवाज तसाच चालू होता, पण आता तो ऐकायला दुसरं कुणीतरी होतं. त्या अरुंद टेबलावर तिला गाढ झोप लागली होती.