क्रेनचा दुसरा अर्थ

सकाळी तळ्याकाठी उतरलेल्या करकोच्याकडे बोट दाखवून मंदाकिनीबाईंनी कंपनीच्या चिनी स्वयंपाक्याला इंग्रजी शब्द शिकवला, "क्रेन."

वेई हरखला. "आमच्याकडे म्हणतात, हा पक्षी दिसला की आयुष्य वाढतं, टीचर!"

"मग रोज बघ की! या शब्दाला दुसराही अर्थ आहे, तो उद्या सांगते. पळ आता, भाजी करपेल तुझी."

दुपारी साहेबांचे डबे घेऊन वेई कारखान्याचं आवार ओलांडत होता. त्याच्या डोक्यावर क्रेनला टांगलेली लोखंडी तुळई डुलत होती. साखळी कुरकुरली, तिची एक कडी उघडू लागली. मागून येणाऱ्या बाईंच्या तोंडून किंकाळी फुटली, "वेई, क्रेन! क्रेन!"

ओळखीचा शब्द ऐकून वेई जागीच थांबला. कपाळावर हात धरून, हसऱ्या चेहऱ्याने तो आभाळात करकोचा शोधू लागला.