मागचा खांब

गेन्शो महाराजांनी बाहीचं टोक नाकावर दाबलं. "शी! उदबत्त्या लावल्या तर त्यांत मिसळून आणखीच मळमळतंय."

वास मूर्तीमागच्या खांबातून येत होता. सडका, ओला, घशाला चिकटणारा. देवळातलं मांजर त्या खांबाभोवती सारखं घिरट्या घालत होतं. पितरांचा सण तोंडावर आलेला. त्या दिवशी अख्खं गाव, पोराबाळांसकट, याच छपराखाली बसणार होतं.

झाडलोट करणाऱ्या तोमेआजींना त्या छपराचीच धास्ती होती. मागचा खांब पुसताना पोकळ वाजतो, असं त्या थंडी सरल्यापासून सांगत होत्या. महाराज हसायचे. "आजी, आपलं देऊळ हिनोकीचं! हे लाकूड तोडल्यावरही शेकडो वर्षं बळकट होत जातं. तुमच्या-माझ्यासारखं नाही ते."

पण वासापुढे महाराज हरले. सुतार बोलावला.

कुसाका मिस्त्रींनी खांबावरची काजळी खरवडली आणि तोंड वाकडं केलं. "कसलं हिनोकी, महाराज? पुढचे खांब हिनोकीचे, ते तुम्हा-आम्हाला पोहोचवतील. हा मागाहून बसवलेला केयाकी. काजळीखाली सगळे सारखेच दिसतात. हा दिसायला देखणा, पण वय झालं की याची ताकद लवकर ओसरते."

त्यांनी भेगेवर पटाशी टेकवली. ठोकावंही लागलं नाही. ती मुठीपर्यंत आत गेली. पिठासारखा भुसा भसाभसा सांडला. त्यात पांढरी वाळवी वळवळत होती. महाराज दोन पावलं मागे सरले.

"सणाला ढोल घुमले असते, की छप्पर अंगावर आलं असतं," मिस्त्री म्हणाले. "पण वाळवीच्या भुशाला असा वास नसतो हो."

त्यांनी भेगेत बोटं घातली. पानात गुंडाळलेलं बांगड्याचं डोकं बाहेर आलं. मग दुसरं, लिबलिबीत, अळ्या गळणारं. "वरचं तर आजचंच दिसतंय."

"शिगेओ!" महाराज ओरडले. "त्या मासेवाल्याचंच काम! देवळाच्या दारात टोपली मांडू दिली नाही ना, त्याचा राग."

"मग त्याला साकेची बाटली पाठवा. वास सुटला नसता तर मला कोण बोलावत होतं?"

"शिगेओ नाही तो," तोमेआजी हळूच म्हणाल्या.

"तुम्हाला काय ठाऊक? नवरा गेल्यापासून तुम्ही मासळीला शिवलासुद्धा नाहीत. जा बघू बाहेर, तुमचं व्रत बाटेल."

आजींनी मूर्तीसमोर वाकून हात जोडले. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. मग विहिरीवर जाऊन त्यांनी राखेने हात घासले. पुन्हा घासले.

मांजर खांब सोडून त्यांच्या मागोमाग आलं, मांडीवर चढलं आणि त्यांची नखं चाटू लागलं.